सात सेकंदांत गेलेले ४५६ मेगावॅट

सप्टेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातलं दक्षिण ऑस्ट्रेलिया हे राज्य एकदम अंधारात गेलं. त्या प्रकरणातल्या कंपन्यांची आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. चौकशीचे अहवाल सगळ्यांसाठी खुले आहेत, ज्याला हवं त्याला ती सापडतील. पण नाव आलं की वाचणारा आधी दोषी शोधायला लागतो आणि मूळ गोष्ट हातून निसटते. ठिकाण आणि तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. एका अख्ख्या राज्याचे दिवे गेले, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पार्श्वभूमी

दक्षिण ऑस्ट्रेलिया हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या तिप्पट. लोकसंख्या मात्र २०१६ मध्ये जेमतेम सतरा लाख, आणि त्यातली बहुतेक ॲडलेड आणि आसपास. वारा भरपूर, ऊनही भरपूर. त्यामुळे २००० नंतर तिथे पवनचक्क्या झपाट्याने उभ्या राहिल्या. हॅलेटच्या टेकड्यांवरच्या कितीतरी पवनचक्क्या तर पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीने बनवलेल्या.

मे २०१६ मध्ये पोर्ट ऑगस्टाचं ५२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र बंद झालं. राज्यातलं ते शेवटचं कोळशावरचं केंद्र. उरलं काय? वारा, छपरांवरचं सौर, गॅसवरची काही केंद्रं आणि शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणारी वीज. व्हिक्टोरियाशी जोडणाऱ्या वाटा दोन. एक लहानशी डीसी केबल, आणि दुसरी हेवूडची २७५ केव्ही एसी वाहिनी. वारंवारता, म्हणजे ५० हर्ट्झचा ठेका, पूर्वेकडच्या राज्यांबरोबर राखण्याचं काम तेव्हा फक्त ही दुसरी करत होती. फांदीच्या टोकाला एकाच देठावर लोंबणाऱ्या फळासारखं हे राज्य ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्याला, लटकलेलं होतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागते. खेड्यातल्या पीठगिरणीचं जुनं ऑइल इंजिन आठवा. त्याचं जड चाक इंधन तोडलं तरी काही वेळ फिरत राहायचं. दाण्यांचा मोठा घास एकदम पडला तरी लगेच दबायचं नाही. औष्णिक, गॅस आणि जलविद्युत केंद्रांतली शेकडो टनांची फिरती यंत्रं ग्रिडला असाच आधार देतात. त्याला जडत्व म्हणतात. बहुतेक पवनचक्क्या आणि सौर पॅनल इन्व्हर्टर या इलेक्ट्रॉनिक उपकरणामागून ग्रिडला जोडलेले असतात. वीज ते देतात, पण हे जड चाक आपोआप देत नाहीत. कोळसा गेला तेव्हा ५२० मेगावॅट वीज गेली, हे सगळ्यांनी मोजलं. चाकही गेलं, याचा हिशोब तेव्हा थोड्याच लोकांनी मांडला.

अडचण कशी उभी राहिली

तारीख २८ सप्टेंबर २०१६. मोठं वादळ येणार हे आधीपासून माहीत होतं. ॲडलेडच्या घड्याळात पावणेचार होऊन गेले होते; पूर्वेकडच्या राज्यांच्या वेळेवर चालणाऱ्या वीजबाजाराच्या घड्याळात ४ वाजून १६ मिनिटं. राज्याची मागणी १८२६ मेगावॅट. त्यात वाऱ्याचे ८८३, गॅसचे ३३० आणि व्हिक्टोरियातून येणारे ६१३. अर्धी वीज वाऱ्याची, तिसरा हिस्सा आयात, आणि फिरणारी जड यंत्रं अगदी थोडी.

मग दोन टॉर्नेडोंनी सुमारे १७० किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी वाहिन्या पाडल्या. वीसहून अधिक मनोरे आडवे झाले. दोन मिनिटांच्या आत ग्रिडचं व्होल्टेज सहा वेळा खाली बसलं.

व्होल्टेज असं क्षणभर बसलं तर पवनचक्कीने ग्रिड सोडून पळायचं नसतं. तिने तग धरायचा आणि व्होल्टेज सावरलं की पुन्हा पूर्ण वीज द्यायची. त्या दिवशी पवनचक्क्यांनी हे केलंही. पहिल्या धक्क्याला केलं, दुसऱ्याला केलं. पण त्यांच्या नियंत्रण प्रणालीत एक आकडा टाकलेला होता: दोन मिनिटांत इतके धक्के झाले की पुढच्याला यंत्र वाचवण्यासाठी उत्पादन थांबवायचं. आकडा टाकण्यामागे कारण होतं. प्रत्येक धक्क्याचा ताण यंत्रावर येतो, आणि बनवणाऱ्याला आपलं यंत्र जपायचं असतं. काही ठिकाणी हा आकडा फक्त दोन होता.

मर्यादा ओलांडली गेली आणि नऊ पवनप्रकल्पांचं मिळून ४५६ मेगावॅट उत्पादन सात सेकंदांच्या आत गेलं. ती तूट एकाच वाटेने भरून निघणार होती. हेवूडच्या वाहिनीवरचा भार ८०० मेगावॅटच्या पार गेला, दोन्ही बाजूंचा ठेका तुटला आणि संरक्षण रिलेने वाहिनी तोडली. ते रिलेचं कामच होतं. आता राज्य एकटं पडलं, हातात निम्म्याहून कमी वीज, आणि जड चाक नावापुरतं. अशा वेळी वारंवारता घसरली की भाराचे तुकडे आपोआप कापून उरलेलं वाचवायची सोय असते. पण सेकंदाला साधारण ३ हर्ट्झपर्यंतच्या घसरणीसाठी बसवलेली ती सोय सेकंदाला ६ हर्ट्झच्या आसपास चाललेल्या घसरणीला पुरी पडणार कशी? कापाकापी सुरू होईपर्यंत कापायला काही उरलंच नाही. साडेआठ लाख ग्राहकांची लाईट एकदम गेली.

ट्रॅम जागच्या जागी थांबल्या, सिग्नल विझले, ऑफिस सुटायच्या वेळी चौकाचौकांत गाड्या अडकल्या. एका मोठ्या इस्पितळात बॅकअप जनरेटरने दगा दिला आणि वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या काही जोडप्यांचे जपून ठेवलेले भ्रूण गेले. मेगावॅटच्या कुठल्याही तक्त्यात हे नुकसान दिसत नाही.

पहिला निर्णय: वादळाच्या दिवशी

ग्रिड चालवणाऱ्या संस्थेच्या नियंत्रण कक्षापुढे त्या दिवशी ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

एक, हेवूडवरची आयात आधीच कमी करायची, म्हणजे धक्का बसला तर वाहिनीवर जागा राहील. दोन, गॅसची आणखी यंत्रं चालू करून ठेवायची. वीज नको असली तरी चाक फिरत राहील. तीन, नेहमीसारखं चालवायचं. पहिल्या दोन्ही वाटांना पैसा लागतो आणि दोन्हींसाठी नियमात कारण दाखवावं लागतं. त्या कारणाला तिथे ‘संभाव्य घटना’ म्हणतात. एक वाहिनी किंवा एक मोठं यंत्र जाणं हे नेहमीच संभाव्य धरलं जातं. एकाच वेळी अनेक वाहिन्या जाणं धरलं जात नाही, जोपर्यंत हवामान पाहून ते मुद्दाम तसं जाहीर केलं जात नाही.

कक्षाने अंदाज पाहिला, विचार केला आणि तिसरी वाट धरली. मागे वळून पाहणाऱ्याला हे ढळढळीत चुकीचं वाटतं. मला तसं वाटत नाही, निदान पूर्णपणे नाही. त्यांच्या संगणकातल्या प्रतिकृतीत, म्हणजे मॉडेलमध्ये, पवनचक्क्या हवे तितके धक्के सोसत होत्या. तो आकडा प्रतिकृतीत नव्हता, कारण तो त्यांना कुणी कळवला नव्हता. प्रकल्प ग्रिडला जोडताना दिलेल्या माहितीत तो आलाच नव्हता. नंतर जेव्हा खरा आकडा घालून आणि न घालता असं दोन्ही प्रकारे गणित मांडलं, तेव्हा दिसलं की पवनचक्क्या टिकल्या असत्या तर एवढे मनोरे पडूनही राज्य व्हिक्टोरियाला जोडलेलं राहिलं असतं. म्हणजे निर्णय चुकला तो त्या दिवशी कमी, आणि जोडणीच्या फायली मंजूर झाल्या त्या वर्षांत जास्त.

तरीही एक मुद्दा उरतो. मॉडेल बरोबर असेलच असं नाही, ही शंका ज्या दिवशी बाहेर वादळ घोंघावत असतं त्या दिवशी तरी मनात यायला हवी. आयात शंभर-दोनशे मेगावॅटने कमी ठेवायला काही तासांचा गॅस लागला असता.

दुसरा निर्णय: अंधारातून वर येताना

पूर्ण काळोख झाला की केंद्रं स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाहीत; सुरू व्हायलाही त्यांना वीज लागते. म्हणून ‘ब्लॅक स्टार्ट’साठी दोन केंद्रांशी करार केलेले होते आणि त्याचे पैसे दरवर्षी दिले जात होते. त्या संध्याकाळी दोन्ही कामाला आली नाहीत. एका ठिकाणी स्विचिंगच्या क्रमातच अडकलं. दुसऱ्या ठिकाणी डिझेल जनरेटर काही सेकंद चालला आणि बिघडला.

सुदैवाने व्हिक्टोरियाची बाजू जिवंत होती. हेवूडमार्गे हळूहळू व्होल्टेज आणून पावणेतीन तासांच्या आत पहिल्या घरांत दिवे आले आणि मध्यरात्रीपर्यंत जिथे वीज पोचवणं शक्य होतं त्यातल्या ८० ते ९० टक्के भारापर्यंत ती पोचली. उत्तरेकडे मनोरेच पडलेले असल्याने तिथली शेवटची जोडणी व्हायला ११ ऑक्टोबर उजाडला; एक मोठी खाण दोन आठवडे बंद राहिली.

वर्षानुवर्षं चाचणीच्या कागदावर ‘ठीक’ असा शेरा मिळालेली सोय प्रत्यक्षात उभी राहिली नाही, हे आपल्याकडे कुठल्याही उपकेंद्रात काम केलेल्या माणसाला नवीन नाही. चाचणी घेताना जनरेटर रिकामा चालवून पाहतात. पूर्ण साखळी, म्हणजे डिझेलपासून मोठ्या यंत्रापर्यंत आणि तिथून वाहिनीपर्यंत, कोण कधी चालवून पाहतो?

मधलं एक वेगळं दुखणं

दिवे आले त्याआधीच वाद पेटला होता. एका बाजूला ‘वाऱ्याच्या भरवशावर राहिलात म्हणून हे झालं’, दुसऱ्या बाजूला ‘मनोरे पडले, वाऱ्याचा काय संबंध’. दोन्ही अर्धवट. वारा पडला नव्हता, उलट जोरात होता. त्या दिवशी वाऱ्याच्या लहरीपणाने फारसं काही बिघडवलं नाही. आणि नुसत्या मनोऱ्यांनी राज्य अंधारात गेलं नसतं.

पाच महिन्यांत, ८ फेब्रुवारी २०१७ ला, दुसऱ्याच कारणाने लाईट गेली. कडक उन्हाळा, पारा चाळिशीपार, संध्याकाळी वारा पडलेला आणि मागणी चढलेली. वीज कमी पडली आणि भारनियमन करावं लागलं. कापायचे होते सुमारे १०० मेगावॅट. वितरण कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीने कापले गेले त्याच्या तिप्पट. नव्वद हजार ग्राहक काही काळ उन्हाच्या काहिलीत पंख्याविना. गॅसचं एक यंत्र तेव्हा बंद पडून होतं, ते वेळेत चालू करायचा आदेश गेला नाही.

सप्टेंबरचं आणि फेब्रुवारीचं दुखणं वेगळं आहे. फेब्रुवारीत वीज पुरेशी नव्हती. सप्टेंबरमध्ये ती पुरेशी होती, पण व्यवस्थेला धक्का सोसवला नाही. ताप दोन्हीकडे, पण एक मलेरियाचा आणि एक टायफॉइडचा. औषध एकच देऊन चालत नाही, आणि राजकारणात नेमकं तेच होतं.

तिसरा निर्णय: पैसा कुठे घालायचा

सर्वांत स्वस्त उपाय आधी झाला: पवनचक्क्यांमधला तो आकडा वाढवणं. पुढच्या काही महिन्यांत बहुतेक प्रकल्पांनी तो बदलला. नवा मनोरा नाही, नवी जमीन नाही, बनवणाऱ्याची संमती आणि सॉफ्टवेअरमधला बदल. जे कारण सगळ्यांत मोठं ठरलं त्याचा इलाज सगळ्यांत स्वस्त होता.

बाकीचे पर्याय महाग. गॅसची काही मोठी यंत्रं कायम चालू ठेवायची हा आदेश लगेच लागू झाला, पण वारा भरपूर आणि विजेचा दर शून्याखाली असतानाही गॅसवाल्याला पैसे देऊन चालवायला लावणं म्हणजे दर महिन्याचा भुर्दंड. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यापर्यंत दुसरी वाहिनी, सुमारे ९०० किलोमीटरची: फळाला दुसरा देठ. योग्य, पण तिचा अंतिम निर्णय व्हायलाच २०२१ उजाडलं. आणि बॅटरी.

मार्च २०१७ मध्ये राज्य सरकारने ५५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना जाहीर केली. त्यात सरकारच्या मालकीचं राखीव गॅस केंद्र होतं आणि १०० मेगावॅटची बॅटरी होती. बॅटरी पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने आधीच समाजमाध्यमावर पैज लावली होती, करारापासून १०० दिवसांत उभी करू नाहीतर फुकट. जेम्सटाउनजवळ हॉर्न्सडेलला १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी १ डिसेंबर २०१७ ला चालू झाली, मुदतीच्या आत.

पैजेची बातमी जगभर गाजली. माझ्या मते निर्णय म्हणून त्यापेक्षा महत्त्वाचा कराराचा एक तपशील आहे. शंभरातले ७० मेगावॅट सरकारने ग्रिडच्या सुरक्षेसाठी राखून ठेवले, तेही फक्त १० मिनिटांपुरते. उरलेले ३० मेगावॅट मालकाने बाजारात तीन तास वापरायचे. राज्य बॅटरीवर चालवायचा हेतू कधीच नव्हता. धक्का बसला की पहिली काही मिनिटं तोलून धरायची, तोवर बाकीची यंत्रं उठतील. १२९ मेगावॅट-तासांत राज्य किती मिनिटं चालेल, असं म्हणून चेष्टा करणाऱ्यांना हाच भाग कळला नव्हता.

जड चाकाचा प्रश्न मात्र बॅटरीने पूर्ण सुटला नाही. त्यासाठी २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर बसले, दोन पोर्ट ऑगस्टाजवळ डेव्हनपोर्टला आणि दोन रॉबर्ट्सटाउनला. सोप्या भाषेत सांगायचं तर इंधन न जाळता फिरणारं जनरेटर, सोबत मोठं फ्लायव्हील. पीठगिरणीचं चाक परत आणलं, इंजिन नाही आणलं. त्यामुळे सतत चालू ठेवायची गॅसची यंत्रं चारावरून दोनवर आली.

परिणाम

२५ ऑगस्ट २०१८ ला क्वीन्सलँड राज्याकडे आकाशातली वीज पडून ग्रिड तुकड्यांत विभागलं गेलं. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात भार कापावा लागला. दक्षिण ऑस्ट्रेलियात नाही. बॅटरीने क्षणार्धात हात दिला.

३१ जानेवारी २०२० ची परीक्षा जास्त बोलकी. व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात वादळाने मनोरे पाडले आणि हेवूडची वाट तुटली. मूळ प्रसंगाचीच जवळजवळ नक्कल. राज्य १८ दिवस एकटं राहिलं आणि दिवे चालू राहिले. खर्च झाला, राखीव सेवांचे दर भडकले, पण काळोख झाला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

कोळसा केंद्र बंद होण्याची तारीख आणि कंडेन्सर चालू होण्याची तारीख यांत पाच वर्षांचं अंतर आहे. हा क्रम उलटा हवा होता. बंद होणाऱ्या केंद्रातली जुनी जनरेटरच कंडेन्सर म्हणून फिरती ठेवता येतात, जगात काही ठिकाणी तसं केलंही आहे. पण मालक खासगी, तोट्यात, त्याला निघायची घाई, आणि जडत्वाला बाजारात भाव नव्हता. ज्याला भाव नाही ते कोण सांभाळणार?

दुसरी गोष्ट कागदाची. प्रकल्प जोडताना संरक्षणाचं प्रत्येक सेटिंग, कितीही किरकोळ वाटलं तरी, ग्रिड चालवणाऱ्याच्या हातात हवं आणि मॉडेलमध्ये हवं. आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. राजस्थानच्या सौरपट्ट्यात २०२२ पासून एखाद्या धक्क्यासरशी हजार मेगावॅटहून अधिक उत्पादन निघून जाण्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत, आणि चौकशीत पुन्हा इन्व्हर्टरने तग न धरणं आणि मॉडेल प्रत्यक्षाशी न जुळणं हेच निघालं. मुंबई १२ ऑक्टोबर २०२० ला अंधारात गेली त्याचं कारण वेगळं होतं, पण ऐनवेळी शहर वेगळं पाडून वाचवायची सोय तेव्हाही टिकली नाही. महाराष्ट्रात शेतीच्या फीडरवर गावोगावी लहान सौर प्रकल्प जोडले जात आहेत. त्यांची सेटिंगं आज कुठल्या फायलीत आहेत, हे तालुक्याच्या अभियंत्याला विचारून बघावं.

तिसरं, छपरं. २०१६ मध्ये वीज कमी पडण्याची भीती होती. आता तिथे वसंतात दुपारी उलटा पेच असतो, घराघरांवरचं सौर इतकं की बाहेर पाठवायला वाट नसेल तर ग्रिड सांभाळणं कठीण. याचा विचारही उशिरा झाला; सप्टेंबर २०२० नंतर बसणाऱ्या छपरांना दुरून बंद करता येईल अशी सोय सक्तीची केली, पण तोवर लाखो छपरं त्याविना उभी होती.

१२ नोव्हेंबर २०२२ ला वादळाने टेलम बेंडजवळ मनोरा पाडला आणि राज्य पुन्हा आठवडाभर एकटं पडलं. लख्ख ऊन होतं. दुपारी लोकांची छपरं बंद करावी लागली. ज्यांना दुरून बंद करता येत होतं त्यांना तसं केलं. उरलेल्या जुन्या छपरांसाठी वितरण कंपनीने उपकेंद्रांतून व्होल्टेज मुद्दाम थोडं वर नेलं. इन्व्हर्टर किती व्होल्टला स्वतःहून बंद होतात तो आकडा या वेळी त्यांच्याकडे होता.